शुक्रवारची मंडळी

कुवेतमध्ये रविवारी कामाचा आठवडा सुरू होतो. सुट्टी शुक्रवार-शनिवारची. म्हणून आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना शुक्रवारी भरते. मी तिचा पाळक, म्हणजे धर्मगुरू. नगरला फोन केला की आई अजूनही विचारते, "मग रविवारी काय करता रे?" रविवारी सगळे ड्यूटीवर असतात, आई.

२०२४ सरलं आणि गावाकडच्या पाळकबंधूंचा नेहमीचा प्रश्न आला: मंडळी किती वाढली? नोंदवही उघडून पाहिली. जानेवारीत चाळिशीच्या आसपास नावं होती, डिसेंबरातही तेवढीच. पण जवळपास तिसरा हिस्सा माणसं वेगळी. कुणी आयर्लंडच्या हॉस्पिटलात गेलं, कुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, कुणी आईच्या आजारपणासाठी कायमचं घरी परतलं. गावच्या मंडळीत जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मरण अशी नोंदवही भरत जाते. आमची भरते ती व्हिसाप्रमाणे. त्यामुळे नावं मोजून इथली वाढ कळत नाही, हे मला पटलेलं आहे. मी दुसरंच बघतो. माझ्यावाचून मंडळीने काय काय केलं?

आधी आमचं बस्तान सांगतो. प्रोटेस्टंट काम इथे अमेरिकन मिशनने सुरू केलं. त्यांच्या दवाखान्याची जुनी इमारत समुद्राकाठी अजून उभी आहे. तिथे आता सांस्कृतिक केंद्र आहे आणि त्याचं नावच 'अमेरिकानी'. आमच्यातल्या बऱ्याच नर्सेस मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात नाहीतर नगरच्या बूथ हॉस्पिटलात, म्हणजे मिशनरींनीच उभारलेल्या दवाखान्यांत, शिकलेल्या. 'अमेरिकानी'समोर उभ्या राहिल्या की जुन्या ओळखीच्या जागी आल्यासारखं होतं त्यांना, मलाही. आम्ही भरतो त्या आवारात अरबी, इंग्रजी, मल्याळी, कोरियन आणि कितीतरी भाषांच्या मंडळ्या आहेत. हॉल तेच, वेळा वाटून दिलेल्या. शेवटचं भजन चालू असतानाच पुढच्या मंडळीची पोरं दारातून डोकावतात. आशीर्वचन झालं की पेटी खोक्यात, ढोलकी पिशवीत, झांजा कुणाच्या तरी पर्समध्ये. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं मात्र आम्ही घाईत म्हणत नाही. वेळ कमी पडला तर माझा उपदेश आखडता घेतो.

या देशात दारूबंदी आहे. म्हणून प्रभुभोजनात (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीत) द्राक्षारसाच्या जागी देण्यासाठी मिरजेच्या एक मावशी आदल्या रात्री मनुका भिजत घालतात, सकाळी उकळून, कुस्करून, स्वच्छ फडक्यातून गाळून घेतात. आमच्या खेड्यातल्या चर्चमध्येही माझी आजी असंच करायची. यंदा मावशींनी ते काम मुद्दाम एका तरुण मुलीला शिकवलं. "मी कधी जाईन सांगता येत नाही, पाळकसाहेब," एवढंच त्या म्हणाल्या.

यंदा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) २९ मार्चला आला, रमजानच्या महिन्यात. दिवसा उघड्यावर खाणंपिणं कायद्याने बंद, म्हणून वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना झाल्यावर नेहमीचा चहा ठेवला नाही. कुणी कुरकुर केली नाही. पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) कामाचा दिवस, तेव्हा उपासना पहाटे अंधारात घेतली आणि निम्मे लोक तसेच युनिफॉर्मवर कामाला गेले. गावी त्या पहाटे आपण कबरस्थानात जातो, मेणबत्त्या लावतो, फुलं वाहतो. आमच्या मंडळीचं इथे कुणीच पुरलेलं नाही. कुणी गेलं तर देह गावी जातो. त्या पहाटे प्रत्येकाने आपापल्या गावच्या कबरींची नावं मोठ्याने घेतली. आजोबा, बहीण, एकाचं तान्हं बाळ. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. एकाने सुरुवात केली आणि बाकीचे बोलत गेले.

मग १२ जून उजाडला. मंगफमध्ये कामगार राहत होते त्या इमारतीला पहाटे आग लागली आणि किमान ४५ भारतीय गेले, त्यात निम्म्याहून जास्त केरळचे. मंगफ भागात आमची काही घरं आहेत. मला फोन लागेपर्यंत आमच्यातल्या दोन नर्सेस रात्रपाळी संपवूनही वॉर्डात थांबल्या होत्या. जखमींमध्ये मराठी किंवा हिंदी बोलणारं कुणी असेल तर घरी निरोप देता यावा म्हणून. एक दादा टॅक्सी चालवतात. त्यांनी दिवसभर नातेवाइकांना हॉस्पिटलांमधून फिरवलं, एक फिल्स घेतला नाही. हे मला दोन दिवसांनी कळलं, तेही दुसऱ्यांकडून. त्या शुक्रवारी, १४ तारखेला, हवाई दलाचं विमान शवपेट्या घेऊन कोचीला उतरलं. मल्याळी मंडळीची उपासना आमच्या आधी होती. ते बाहेर पडले, आम्ही आत जाणार होतो, आणि सगळे अंगणातच उभे राहिलो. त्यांच्या पाळकांनी मल्याळममध्ये प्रार्थना केली, मी मराठीत. एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, पण आमेन सगळ्यांनी एकदम म्हटलं. त्या दिवशी मी उपदेश केला नाही. बायबलमधलं स्तोत्र १३० वाचलं आणि बसलो.

त्याच सुमारास माफीची मुदत चालू होती. अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपलेल्या लोकांना दंड न भरता देश सोडता यावा म्हणून सरकारने १७ मार्चपासून सवलत दिली होती, ती जूनअखेरपर्यंत वाढली. मराठवाड्यातल्या एक ताई आमच्याकडे आल्या त्या अशाच. एजंटाने शिवणकाम सांगून आणलं आणि घरकामाला लावलं. तिथून त्या निघून आल्या होत्या. पासपोर्ट हातात नव्हता. त्या ख्रिस्ती नव्हत्या, आमच्या बायकांनी त्यांना तसं विचारलंही नाही. पाळी लावून त्यांच्यासोबत कचेऱ्यांत गेल्या, फॉर्म भरले, जेवण पोचवलं, आणि जून संपायच्या आत ताई घरी पोचल्या. जाताना सगळ्यांच्या पाया पडायला लागल्या, तर मिरजेच्या मावशींनी त्यांना धरून उठवलं आणि स्वतःच रडू लागल्या.

आनंदाचंही सांगायला हवं. कुटुंबासाठीचे व्हिसा बरेच महिने बंद होते, ते जानेवारीअखेर पुन्हा सुरू झाले. अट होती ८०० दिनार पगाराची. खासगी दवाखान्यातल्या नर्सला हा आकडा दूरचाच, पण आमच्या काही घरांना जमलं. मुलं आली! मुलांना धर्मशिक्षण देणारी शब्बाथ शाळा बंद पडली होती, ती पुन्हा भरते. पहिल्या दिवशी एक चार वर्षांचा मुलगा बापाकडे परक्यासारखा बघत होता. बापाला त्याने व्हिडिओ कॉलवरच पाहिलेलं. नाताळ बुधवारी आला, सुट्टी नाही, म्हणून कार्यक्रम रात्री ठेवला. तोच मुलगा मेंढपाळ झाला होता. डोक्याला टॉवेल गुंडाळून बापाच्या खांद्यावर बसला आणि उतरायलाच तयार नव्हता.

फेब्रुवारीत आमचे सेक्रेटरी आयर्लंडला जातील. पेटी तेच वाजवतात. त्यांच्या हाताखाली सांगलीची एक मुलगी शिकते आहे, अजून सूर धरताना अडखळते, पण दर शुक्रवारी तीच बसते. तरुणांचा दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) वर्गही सुरू करायचा आहे.

गावाकडे हे वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या मंडळीतलं कुणी कुवेतला येत असेल तर पाळकांकडून दाखला घेऊन पाठवा आणि आम्हाला आधी कळवा. तसंच, पासपोर्टवर ईसीआर (नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) असा शिक्का असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंद असलेल्या एजंटाशिवाय कुणाला पैसे देऊ नका. ईसीआर पासपोर्टवर घरकामाला यायचं तर बाईचं वय ३० पूर्ण लागतं. त्याहून लहान मुलीला 'मी पाठवतो' म्हणणारा एजंट खोटं बोलतो आहे. करारावर पगार, काम आणि मालकाचं नाव वाचून मगच सही करा. वाचता येत नसेल तर कागदाचा फोटो आम्हाला पाठवा. अरबी वाचणारे इथे आहेत, संध्याकाळपर्यंत उत्तर येईल.