मेकाँगकाठी चार दिवस: चियांग खोंगला जाणार असाल तर

फेब्रुवारीत थायलंडच्या उत्तर टोकाला चियांग खोंगला चार दिवस राहून आलो. तिथे बघण्यासारखं काय आहे असं बऱ्याच जणांनी विचारलं, तर मेकाँग नदी आहे, पलीकडच्या काठाला लाओस, आणि त्या नदीचं काय चाललंय ते आहे. बहुतेक टुरिस्ट इथे एक रात्र झोपतात आणि सकाळी पूल ओलांडून लाओसची स्लो बोट (नदीतून सावकाश जाणारी प्रवासी बोट) पकडतात. तसं करू नका, निदान दोन दिवस काढा.

जायला सोपं आहे. चियांग रायपर्यंत फ्लाइट, मग शहरातल्या जुन्या बस स्टँडवरून (हायवेजवळच्या नव्या नाही) लोकल बस, दोन-अडीच तास लागतात. सकाळीच निघा, संध्याकाळवर टाकू नका. थाई चलन, म्हणजे बात, कॅशमध्ये जवळ ठेवा. स्कूटर घेणार असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढूनच जा.

दुसऱ्या दिवशी पहाटे गेस्टहाउसच्या मालकीणबाई मला खाली काठावर घेऊन गेल्या, त्यांच्या ओळखीचा एक म्हातारा मच्छीमार तिथे होता. त्याने वाळूत एक बांबू रोवून ठेवलेला. काल संध्याकाळी पाणी तिसऱ्या पेराशी होतं, आता चौथं पेर पण बुडालेलं. पाऊस नाही, ढग नाही, फेब्रुवारी महिना. मालकीणबाई भाषांतर करत होत्या. तो म्हणाला, पूर्वी पाणी कधी चढणार ते आम्हाला महिन्यावरून कळायचं, आता तासातासाला बघावं लागतं. वर चीनच्या युनानमध्ये याच नदीवर 10हून जास्त धरणं आहेत, जिंगहाँगच्या धरणातून विजेसाठी पाणी कमीजास्त सोडलं की त्याचा परिणाम खाली इथे दिसतो.

थोडं पुढे दोघी बायका गुडघाभर पाण्यात वाकून शेवाळ काढत होत्या. तिकडे त्याला कै म्हणतात, उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी नितळ झालं की दगडांवर हिरव्या केसांसारखं वाढतं, ते धुऊन, थापून, वाळवून विकतात. एकीने मला मूठभर दाखवलं, निम्मा चिखलच होता. अवेळी पाणी चढलं की शेवाळ खोल जातं, ऊन पोचत नाही, मग वाढतच नाही. त्यांची त्या मोसमाची कमाई यावरच असते, आणि ती बुडाली तर भरपाई मागायला खिडकीच नाही. हेच मला सगळ्यात जास्त लागलं. नुकसान एका देशात, धरण दुसऱ्या देशात, तर मग या बाईने जायचं कुठे?

आणि गोष्ट फक्त चीनची नाहीये. खाली लाओसमध्ये सायाबुरी धरण 2019 मध्ये सुरू झालं, 1,285 मेगावॅटचं, आणि त्यातली जवळजवळ 95 टक्के वीज थायलंडच विकत घेतं. म्हणजे विजेचं गिऱ्हाईक यांचंच सरकार. म्हणून 8 प्रांतांतल्या नदीकाठच्या लोकांनी 2012 मध्ये थायलंडच्याच प्रशासकीय कोर्टात केस टाकली, की धरण परदेशात असलं तरी वीजखरेदीचा करार इथे झालाय, आम्हाला विचारलं का? 2014 ला वरच्या कोर्टाने केस ऐकायला घेतली आणि 2022 ला फेटाळली. दहा वर्षं. तोवर धरण बांधून चालू पण झालेलं. 2019 च्याच शेवटी खाली नाखोन फानोमला नेहमीची मातकट मेकाँग निळीशार दिसायला लागली, लोक फोटो काढायला गेले, पण ते निळं पाणी म्हणजे गाळ कमी झाला, आणि गाळ नसलेलं पाणी काठ खातं.

आता लाओसमधलं पुढचं धरण पाक बेंग, 912 मेगावॅट. त्याच्या वीजखरेदीचा करार सप्टेंबर 2023 मध्ये झाला. काएंग फा दाई हे त्यासाठीच बघून या, वियांग काएन तालुक्यात, नदी थायलंड सोडून लाओसमध्ये वळते तिथले खडक. पाक बेंगची जागा इथून साधारण 100 किलोमीटर खाली आहे आणि धरण भरलं की फुगवटा इथपर्यंत येईल, शेतं आणि हे खडक पाण्याखाली जातील अशी गावकऱ्यांना भीती आहे. उन्हाळ्यातच जा, पावसाळ्यात खडक दिसत नाहीत. रस्ता चांगला आहे, वळणं फार, अंधार पडायच्या आत परत या.

लढून काही होत नाही असं मात्र समजू नका. मोठी जहाजं जावीत म्हणून इथले खडक सुरुंगाने उडवायचा प्लॅन होता, तो 2020 मध्ये थाई मंत्रिमंडळाने रद्द केला, आणि त्यामागे चियांग खोंगच्या लोकांची जवळजवळ वीस वर्षांची मेहनत आहे. त्यातले निवात रॉयकाएव, गावातले मास्तर, यांना 2022 चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्यांच्या लोकांची मेकाँग स्कूल (नदीबद्दल शिकवणारं स्थानिक केंद्र) गावातच आहे, आधी कळवून जा, नुसतं फोटोपुरतं जाऊ नका.

लाओसमध्ये पुढे जाणार असाल तर एक कळकळीची विनंती. स्लो बोटीवर किंवा पाक बेंगच्या मुक्कामी तिथल्या माणसांना धरणाबद्दल, पुनर्वसनाबद्दल खोदून विचारू नका, चेहरे दिसतील असे व्हिडिओ टाकू नका. तिथे बोलणाऱ्याला ते महागात पडू शकतं. लाओसचे सोंबात सोंफोन, मॅगसेसे मिळालेले समाजसेवक, डिसेंबर 2012 मध्ये राजधानी व्हिएन्टियानच्या रस्त्यावरून गायब झाले, पोलिसांनी त्यांची गाडी अडवलेली सीसीटीव्हीत दिसते, आजवर पत्ता नाही. आपण दोन दिवसांत निघून जातो, उत्तर देणारा तिथेच राहतो. प्रश्न विचारायचे असतील तर ते थायलंडच्या बाजूला, जिथे लोक स्वतःहून बोलतात.

निघण्याआधी मेकाँग नदी आयोगाच्या साइटवर चियांग सेनची रोजची पाणीपातळी बघा, चियांग खोंग त्याच्या खालीच आहे. आणि वाळूच्या बेटावर चालत गेलात तर चप्पल, बॅग, स्कूटर काठाशी सोडून लांब जाऊ नका, आकाश कितीही निरभ्र असलं तरी. एखादी काडी पाण्याच्या कडेला रोवा आणि अर्ध्या तासाने मागे वळून बघा.