आमची वाटचाल: एका सूचनापत्रकाच्या सात आवृत्त्या

आमच्या व्यवसायाची वाटचाल सांगायची तर एका सूचनापत्रकाची वाटचाल सांगावी लागते. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचे ऑइल घरच्या घरी बदलू इच्छिणाऱ्यांना आम्ही जो संच पाठवतो, त्यात फिल्टर, पॅनचे (गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याचे) गॅस्केट, ड्रेन प्लगचा (ऑइल काढण्याच्या बुचाचा) वॉशर आणि गिअरबॉक्सच्या निर्मात्याने ठरवून दिलेले ऑइल यांच्या जोडीला हे पत्रक असते. आतापर्यंत ते सात वेळा छापले गेले. त्यातील जवळजवळ प्रत्येक वाक्यामागे कोणाचा तरी वाया गेलेला दिवस आहे, आणि त्यांपैकी काही दिवस आमचे स्वतःचे आहेत.

धाकटा भाऊ आणि मी, दोघांनी सुरुवात केली ती गिअरबॉक्सच्या दुरुस्तीपासून. गिअर पडताना गाडी झटका देते, चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, रिव्हर्स टाकल्यावर गाडी बराच वेळ जागची हलत नाही, अशा तक्रारी येत आणि आम्ही गिअरबॉक्स उतरवून खोलत असू. तीन वर्षांनी कामाची वही एकदा शांतपणे वाचायला घेतली, तेव्हा पानामागून पान तीच नोंद दिसली: ऑइल काळे, वास जळका, क्लच प्लेटांचे अस्तर झिजलेले. ऑइल शेवटचे कधी बदलले, या रकान्यात बहुतेकांचे उत्तर होते, ‘कधीच नाही’. कारण गाडी घेताना हे ऑइल आयुष्यभराचे आहे असे त्यांना सांगितलेले असे. वास्तविक अनेक मोटार कंपन्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही निर्माती कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरनंतर किंवा उशिरात उशिरा ८ वर्षांनी ऑइल बदलण्याची शिफारस करते. आम्ही खोललेल्या गिअरबॉक्सपैकी बरेचसे खोलण्याची वेळच यायला नको होती, हे त्या वहीने आम्हाला दाखवले, आणि त्यानंतर केवळ दुरुस्तीवर पोट भरणे मनाला पटेना.

साध्या गिअरबॉक्समध्ये ऑइलचे मुख्य काम वंगणाचे असते. ऑटोमॅटिकमध्ये मात्र तेच ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलच्या प्रवाहाने जोडणाऱ्या भागातून) इंजिनाची ताकद पुढे पोहोचवते, पंपाच्या दाबाने क्लच आवळते, उष्णता वाहून नेते, आणि प्लेटा एकमेकींना किती हळुवारपणे पकडतील हेही त्यात मिसळलेल्या द्रव्यांवर ठरते. घर्षण सांभाळणाऱ्या या द्रव्यासाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत स्पर्म व्हेलचे तेल वापरले जात असे. अमेरिकेत त्यावर बंदी आल्यावर रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. हे ऑइल किती विचारपूर्वक घडवलेले असते, हे ग्राहकाला समजावे म्हणून ही हकिगत मी आवर्जून सांगतो.

संच विकायला लागलो तेव्हाचे पहिले पत्रक अर्ध्या पानाचे होते. ड्रेन प्लग काढा, ऑइल काढा, पॅन उतरवा, फिल्टर बदला, नवे ऑइल भरा. एका ग्राहकाने अगदी तसेच केले, आणि सगळे ऑइल भांड्यात उतरल्यावर त्यांच्या लक्षात आले की भरण्याचा प्लग गंजून घट्ट बसला आहे आणि पाना त्यावर नुसताच घसरतो आहे. ऑइलविना गाडी चालवता येत नाही, त्यामुळे ती चार दिवस स्टँडवरच उभी राहिली. दुसऱ्या आवृत्तीपासून पत्रकाचे पहिले वाक्य ठळक अक्षरांत आहे: भरण्याचा प्लग आधी सैल करून पाहा, तो सुटला तरच ड्रेन प्लगला हात लावा.

त्यानंतरच्या आवृत्तीत फिल्टरच्या ओ-रिंगची, म्हणजे सांधा घट्ट बंद ठेवणाऱ्या रबरी कड्याची, सूचना आली. जुना फिल्टर ओढला की त्याची रिंग कधी कधी वरच्या भोकातच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर रेटला तर तो नीट बसत नाही, पंप ऑइलबरोबर हवा ओढतो आणि गिअरबॉक्स रडल्यासारखा आवाज करू लागतो. पॅनच्या बोल्टांबद्दलची सूचनाही याच आवृत्तीत शिरली. हे बोल्ट लहान असतात, अनेक गाड्यांत ते ८ ते १२ न्यूटन-मीटर एवढ्याच जोराने आवळायचे असतात आणि वरचे आटे ॲल्युमिनियमचे असतात, म्हणून ते टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच), समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. पॅनमधल्या चुंबकावर करडी, लोण्यासारखी मऊ पूड दिसली तर ती नेहमीची झीज समजावी. धातूचे तुकडे दिसले तर काम थांबवून आम्हाला कळवावे.

सर्वांत जास्त जागा घेतली ती ऑइलच्या पातळीने, आणि तो धडा आम्ही आमच्याच जागेत शिकलो. एका गाडीत आम्ही थंड गिअरबॉक्सवर, इंजिन बंद ठेवून, भोकातून ऑइल बाहेर येईपर्यंत भरले आणि समाधानाने प्लग लावला. इंजिन बंद असताना टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरच्या नळ्यांकडे ऑइल खेचलेच गेलेले नसते, हे आम्ही विसरलो होतो. इंजिन सुरू होताच ते तिकडे गेले, पॅनमधली पातळी घसरली आणि दोनच दिवसांत गाडी वळणावर घसरल्यासारखे गिअर सोडू लागली. पंपाने हवा ओढायला सुरुवात केली होती. उलट, ऑइल जास्त झाले तर फिरते भाग ते घुसळून फेस करतात, फेसात दाब टिकत नाही, गिअरबॉक्स तापतो आणि ऑइल हवेच्या नळीतून बाहेर पडू लागते. शिवाय ऑइल तापले की फुगते: ९ लिटर ऑइल २० अंशांवरून ८० अंशांवर गेले तर सुमारे ४०० मिलिलिटरने वाढते. म्हणून थंड असताना काठोकाठ भरलेले ऑइल गरम झाल्यावर जास्त ठरते आणि फार गरम असताना तपासलेले ऑइल कमी पडते. प्लगच्या भोकातून पातळी पाहण्याच्या गाड्यांत गाडी चारही बाजूंनी समपातळीत उचललेली, इंजिन चालू, लिव्हर प्रत्येक स्थितीत काही क्षण फिरवून पार्कमध्ये आणलेला, आणि ऑइलचे तापमान निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत, म्हणजे झेडएफच्या अनेक गिअरबॉक्सवर ३० ते ५० अंश, अशा स्थितीत धार बारीक होत थेंबांवर आली की प्लग लावायचा असतो. डिपस्टिक (पातळी पाहण्याची पट्टी) असलेल्या गाड्यांतही सगळ्यांचा नियम एक नाही. बहुतेक ठिकाणी इंजिन चालू ठेवून पाहतात, होंडाच्या अनेक गाड्यांत मात्र बंद केल्यावर लगेच. ‘किती लिटर भरू?’ या प्रश्नाला आम्ही म्हणूनच नुसता आकडा देत नाही. निघालेले ऑइल मोजा, आधी तेवढेच भरा आणि मग पातळी तपासा, असे सांगतो.

पॅन उतरवला तरी सगळे ऑइल निघत नाही, कारण बराच भाग कन्व्हर्टरमध्ये राहतो. ९ लिटरपैकी ४ लिटर निघत असेल तर पहिल्या वेळी ४४ टक्के ऑइल नवे होते, दुसऱ्या वेळी ६९ आणि तिसऱ्या वेळी ८३. घाई नसेल तर मध्ये काहीशे किलोमीटर गाडी चालवून दोनदा बदलावे, असे आमचे मत आहे.

आमची सर्वांत मोठी चूक चौथ्या आवृत्तीच्या वेळची. पुरवठादाराच्या यादीवर विसंबून आम्ही एका सीव्हीटी गाडीसाठी (ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि पुलींवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकसाठी) साधे एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल, पाठवले. सीव्हीटीमध्ये पोलादी पट्टा पुलींवरून घसरू नये म्हणून वेगळ्या घर्षणगुणांचे ऑइल लागते. ग्राहकाने गाडी जेमतेम आठवडाभर चालवली होती. पुलींवर ओरखडे उठले होते. दुरुस्तीचा पूर्ण खर्च आम्ही दिला, आणि तेव्हापासून गिअरबॉक्सवरचा कोड आणि मॅन्युअलमधले ऑइलचे नाव हाती आल्याशिवाय एकही संच बाहेर जात नाही. यामुळे काही ग्राहक कंटाळून दुसरीकडे जातात. तरीही आम्ही ही अट सोडलेली नाही.

काही जणांना आम्ही स्वतःहून नकार देतो. ज्यांच्याकडे पक्के स्टँड नाहीत आणि जे नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरणार आहेत त्यांना, आणि ज्यांची गाडी आधीच गिअर सोडते आहे त्यांना. झिजलेले अस्तर नव्या ऑइलने परत येत नाही. अशा गाडीला आधी तपासणी हवी.

सातव्या आवृत्तीत एकच वाक्य वाढले. एका निवृत्त शिक्षिकेने तिसऱ्यांदा स्वतः ऑइल बदलल्यावर आम्हाला कळवले की जुने ऑइल कुठे द्यायचे, हे पत्रकात कुठेच लिहिलेले नाही. त्यांचे म्हणणे बरोबर होते. आता शेवटच्या ओळीत छापले आहे: निघालेले ऑइल नव्याच्या रिकाम्या डब्यांत भरून वापरलेले ऑइल स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावे, नाल्यात किंवा मातीत ओतू नये.