वाचून दाखवलेले वर्ष

फाल्गुन अमावास्या, नाशिक. रात्रीचे साडेनऊ.

उद्या पाडवा आहे. साखरेच्या गाठी आणून ठेवल्या आहेत, कडुनिंबाचा डहाळा पाण्यात उभा केला आहे आणि वाचनाची वही समोर उघडी आहे. माझ्या वाचनाचे वर्ष पाडव्याला सुरू होते आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी संपते. यात परंपरेचा अभिमान वगैरे काही नाही. काही वर्षांपूर्वी जुनी वही हरवली, नवी चैत्रात विकत घेतली, आणि तेव्हापासून हिशेब तसाच पडला.

वहीत या वर्षी एकोणीस नावे आहेत. गेल्या वर्षी एकेचाळीस होती. गेल्या पाडव्याला मी पहिल्या पानावर ‘बावन्न’ हा आकडा लिहून त्याभोवती चौकट काढली होती, ती आता पाहताना थोडे हसू येते. आठवड्याला एक पुस्तक हा बेत वैशाखापर्यंत नीट चालला. त्यानंतर आईच्या डोळ्यांचे दुखणे सुरू झाले, आणि माझ्या वाचनाचा वेग माझ्या हातात राहिला नाही.

आईचे वय अठ्ठ्याहत्तर. दृष्टिपटलाचा जो मधला भाग बारीक अक्षर वाचण्याच्या कामी येतो, तोच झिजत चालला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. कडेचे दिसते, मधले जाते. तिच्याच शब्दांत सांगायचे तर घर दिसते आणि घरातले माणूस दिसत नाही. वर्तमानपत्रातल्या मोठ्या मथळ्याकडे ती मान तिरकी करून पाहते आणि पाच मिनिटांत दमते. जी बाई लग्नानंतर पहिल्याच महिन्यात वाचनालयाची वर्गणी भरायला सासऱ्यांच्या मागे लागली होती, तिच्यासाठी हे काय आहे ते मी निराळे लिहीत नाही.

आधी आम्ही मोबाइलवर ऐकायची पुस्तके लावून पाहिली. आवाज चांगले होते, उच्चारही स्वच्छ होते. चार दिवसांनी आई म्हणाली, “तो बाबा थांबतच नाही गं. मध्येच काही विचारावं, तर विचारायचं कोणाला?” त्या संध्याकाळपासून जेवणे आटोपल्यावर मी तिला रोज अर्धा-पाऊण तास वाचून दाखवू लागले. मनातल्या मनात जे पान मिनिटभरात संपते, त्याला मोठ्याने वाचताना दोन ते अडीच मिनिटे लागतात, आणि आईच्या प्रश्नांसह चार. एकोणिसातली सात पुस्तके अशी वाचली आहेत. उरलेली बारा मी एकटीने वाचली, पण त्यांतल्या पाच-सहांविषयी आज मला दोन वाक्येही धड सांगता येणार नाहीत.

पहिले पुस्तक आईनेच मागितले, ते लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. मी ते कॉलेजात असताना वाचले होते आणि तेव्हा माझ्या लक्षात राहिली होती ती मोठी घटना: १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, घर मोडले, लक्ष्मीबाई मागे राहिल्या आणि पाच वर्षांनी, १९०० साली, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. वाचून दाखवताना मात्र ध्यानात आले की या बाईंनी मोठी घटना आणि स्वयंपाकघरातली फजिती एकाच सुरात सांगितली आहे. कडक सोवळ्यापायी बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवून घ्यायला लावणारे वडील, क्षणात संतापणारा आणि क्षणात विरघळणारा नवरा, स्वतःचे भित्रेपण, या सर्वांवर त्या हसतात. आणि हसता हसता पुढच्या वाक्यात असे काही लिहून जातात की मोठ्याने वाचणाऱ्याचा श्वास चुकतो. त्या कोणत्याही शाळेत गेल्या नव्हत्या, अक्षरओळख लग्नानंतर झाली. त्यामुळे पुस्तकी वाक्याची सवय त्यांच्या हाताला लागलीच नसावी, असे मला वाटते. वाक्य जिथे तोंड थांबते तिथेच थांबते. अडीच महिन्यांत मला एकही वाक्य पुन्हा मागे जाऊन वाचावे लागले नाही.

त्यांचे जन्मगाव जलालपूर आमच्यापासून लांब नाही. श्रावणातल्या एका रविवारी आईला गाडीत बसवून तिकडे नेले. नदीला पाणी होते, द्राक्षबागांवर फारसे काही नव्हते, आणि पाहण्यासारखे विशेष म्हणून आम्ही काहीच पाहिले नाही. आईने काच खाली करून विचारले, “गोदावरीचाच आवाज ना हा?” आम्ही थोडा वेळ तिथे थांबून परत आलो. शेवटचा भाग पुरा होण्याआधीच, १९३६ साली, लक्ष्मीबाई गेल्या आणि उरलेली हकीकत त्यांच्या मुलाने लिहून पुरी केली. ते वाचण्यापूर्वी मी आईला काही सांगितले नव्हते. दोन पाने झाली आणि ती म्हणाली, “आता बोलणारं माणूस बदललं.” डोळ्यांनी वाचताना हा सांधा मला एवढा स्पष्ट जाणवला नव्हता.

त्यानंतर विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ घेतले. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक कर्ज फेडण्याच्या आशेने, बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असल्याचे ऐकून, १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघतो आणि दक्षिणा मिळण्याऐवजी बंडात सापडतो. झाशी पडली तेव्हा तो शहरातच होता. इतिहासाच्या पुस्तकात ज्याला वेढा, पाडाव आणि कत्तल असे तीन शब्द पुरतात, ते या माणसाने तहान, अंधार आणि लपण्याची जागा यांच्या मापाने सांगितले आहे. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्याने हे सारे बऱ्याच वर्षांनी आठवून लिहिले. वैद्यांनी त्यावर संस्कार करून ते छापले १९०७ साली, भटजींच्या पश्चात. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पुस्तक निघाले ते थेट १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने. मी वाचनालयातून दोन्ही आणली आणि काही पाने आईला दोन्हींतून वाचून दाखवली. वैद्यांची भाषा सरळ आहे, समजायला सोपी आहे. मूळ भाषा अडखळते, वाक्य कुठून कुठे जाईल याचा नेम नाही. तरीही आईने मूळच पुढे वाचायला सांगितले. माझी जीभ त्यात अनेकदा अडकली आणि एका पानाला कधी सहा-सात मिनिटे लागली, पण तिचे म्हणणे मला पटले. घाबरलेला माणूस एवढे नीटनेटके बोलत नाही.

या पुस्तकातली एक गोष्ट मनातून जात नाही. लुटला जाऊन कफल्लक झालेला हा गृहस्थ आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावरून कोकणापर्यंत आणतो. धन मिळवायला गेला होता, घेऊन आला पाणी. आई त्या रात्री बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आता दिवा घालव.” दिवा मालवला की नाही हे तिला कळते, एवढे अजून दिसते.

दिवाळीनंतर उद्धव शेळके यांची ‘धग’ सुरू केली, आणि वर्षभरातली खरी गोष्ट तिथे घडली. ही कादंबरी १९६० सालची. आईचे माहेर अमरावती जिल्ह्यातले. लग्न होऊन नाशिकला आली तेव्हा तिच्या बोलण्याला इथे लोक हसत, म्हणून तिने दोन-तीन वर्षांत ती बोली जिभेवरून पुसून टाकली, असे ती पूर्वी एकदा सहज म्हणाली होती. आम्हा भावंडांना तिने वऱ्हाडीतला एक शब्द शिकवला नाही. ‘धग’ची नायिका कौतिक आणि तिची माणसे त्याच बोलीत बोलतात, आणि मी नाशिकची मुलगी ती बोली अक्षर लावून वाचू लागले. पहिल्या दिवशी आई गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी तिने एक उच्चार सुधारला. तिसऱ्या दिवशी मला थांबवून म्हणाली, “तू लिहिलेलं वाचतेस. कौतिक अशी बोलणार नाही. तिला कामाची घाई आहे.” आणि तेच वाक्य तिने म्हणून दाखवले. त्यात ‘काहून’ आणि ‘मले’ हे शब्द इतके पटकन, इतके हलके येऊन गेले की मटार सोलत बसलेले माझे यजमान हातातली शेंग तशीच धरून तिच्याकडे पाहत राहिले.

त्यानंतर आमची पद्धतच ठरली. निवेदन मी वाचायचे. संवाद आला की मी तो हळूच वाचायचा आणि आईने पुन्हा म्हणायचा. कौतिकचा संसार पानापानाला खचत जातो, नवऱ्याला महारोग होतो, दारिद्र्य घराबाहेर जायला तयार नसते, आणि ती बाई शेवटपर्यंत हात टेकत नाही. वाचायला हे फार जड आहे. एकटीने वाचली असती तर मी कदाचित मध्येच ठेवून दिली असती. पण ज्या आवाजात ती आमच्या घरात बोलली गेली त्या आवाजात रडगाणे नव्हते, चीड होती, आणि कुठे कुठे खट्याळपणाही होता, जो मला छापील पानावर दिसलाच नव्हता. पुस्तक संपून आठवडा झाला असेल, पहाटे आईने हाक मारली, “मले पाणी दे वं.” झोपेत होती की जागी, मी विचारले नाही.

बहिणाबाईंच्या गाण्यांचे पुस्तक यानंतर आले, त्याविषयी थोडेच लिहिते. ती बोली खानदेशची, आईची नव्हे, पण गाणी तिला पाठ निघाली. मी पहिला चरण उच्चारला की दुसरा तिकडून येई. अक्षरओळख नसलेल्या बाईने रचलेली, घरच्यांनी उतरून घेतलेली आणि ती गेल्यानंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने आलेली ही कविता. डोळे गेलेल्या माणसाला ती परत द्यायला पुस्तकाची गरजच पडली नाही.

मोठ्याने वाचायला सगळेच चालत नाही, हेही नोंदवले पाहिजे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ मी आईसमोर उघडली आणि दहा पानांत मिटली. दुसरे महायुद्ध तोंडावर असताना युरोपातून निघालेली आगबोट, तिच्यावरचा चक्रधर, आणि देशोधडीला लागलेली ज्यू हॅर्टा. १९३९ साली मराठीत असे काही लिहिले गेले याचे आश्चर्य मला दर वाचनात नव्याने वाटते. पण त्या गद्याचा थंडपणा मोठ्याने वाचताना टिकेना. माझा आवाज आपोआप भावुक होई आणि सारे बिघडे. ती मी रात्री एकटीने, एका बैठकीत संपवली. काही पुस्तकांना तिसरे माणूस खपत नाही.

‘कोसला’चे याच्या उलट झाले. विशीत ती वाचली तेव्हा मी पूर्णपणे पांडुरंग सांगवीकरच्या बाजूची होते आणि त्याचे वडील मला शत्रू वाटले होते. आता बावन्नाव्या वर्षी वडिलांच्या पैशांचा हिशेब माझ्या मनात आपसूक सुरू झाला, याची मला जरा लाजच वाटली. आईला त्यातल्या ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ची फार गंमत वाटली आणि चार दिवस घरात भाजीसुद्धा उदाहरणार्थ वांग्याची वगैरे होत होती. धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग आला तेव्हा मात्र मला पुढे वाचता येईना. आईने पुस्तक माझ्या हातातून घेतले, चाचपडत खूण घातली आणि ते उशाशी ठेवले. उरलेले आम्ही तीन दिवसांनी वाचले.

अर्धवट सोडलेल्यांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर आहे. आयुष्य सुधारण्याचे उपाय सांगणारे एक भाषांतरित पुस्तक तिसाव्या पानावर सोडले. त्यातले प्रत्येक वाक्य इंग्रजीतून नुकतेच उतरलेल्या प्रवाशासारखे भांबावलेले होते. दिवाळी अंक तीन घेतले आणि दोन कथा वाचल्या. हे दरवर्षीचेच आहे, त्याचे दुःख करायचे मी सोडून दिले आहे. कविता मात्र बहिणाबाई वगळता वर्षभर वाचली नाही, हे बरे झाले नाही.

आणि ‘ऋतुचक्र’. दुर्गा भागवतांच्या या पुस्तकात प्रत्येक मराठी महिन्यावर लेख आहे, म्हणून गेल्या पाडव्याला मी ठरवले होते की ज्या त्या महिन्यात तो तो लेख वाचायचा. चैत्र चैत्रात झाला. वैशाख ज्येष्ठात गेला. आषाढाचा लेख आईला वाचून दाखवला तेव्हा बाहेर भाद्रपदाचे ऊन पडले होते आणि दुर्गाबाईंचे ढग आमच्या खिडकीत कुठेच नव्हते. आई म्हणाली, “मला तर दिसतायत.” पुढे मार्गशीर्षापासून मी नेटाने वेळ गाठत आणली. पौष पौषात, माघ माघात.

आत्ता ती आतल्या खोलीतून विचारते आहे, उद्यापासून काय घ्यायचे. मी म्हटले, “स्मृतिचित्रे पुन्हा घेऊ का?” ती म्हणाली, “घेऊ. पण आधी फाल्गुन संपव, अजून अडीच तास आहेत.” लेखाची पाने मोजली. होईल. वही इथेच मिटते.