न वाजणारा बोल्ट

संध्याकाळचे सहा वाजत आले होते. बंदूक-दुरुस्तीचं माझं दुकान आवरून, हात धुऊन निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात तो आला. तिशीचा पोरगा, खांद्याला रायफलची लांबलचक पिशवी, आणि चेहऱ्यावर पहिली रायफल घेतल्याचा आनंद मावत नव्हता.

"काका, पाचच मिनिटं. फक्त एकदा नजर टाका. उद्या सकाळी सातला रेंजवर जायचंय."

पिशवीतून निघाली एसकेएस, मूळ सोव्हिएत घडणीची, दर खटक्याला एक गोळी सोडून पुढचं काडतूस आपणच भरणारी रायफल. ही युगोस्लाव्ह बनावटीची, एम ५९/६६. नळीच्या तोंडाला ग्रेनेड डागायचा लांबट तोटा, खाली घडीची संगीन. त्याच्या लेखी ती नवी होती, कारण त्यानं परवाच घेतली होती. पण ही रायफल लष्करी कोठारात ग्रीस फासून कित्येक वर्षं पडून राहिलेली, हे तिच्याकडे बघताच कळत होतं. लाकडावर त्यानं मनापासून मेहनत घेतली होती. दस्ता तेल लावून लावून तुकतुकीत केलेला. नळीतूनही पुलथ्रू, म्हणजे चिंधी बांधलेली दोरी, फिरवलेला, चिंधी अगदी स्वच्छ निघाली. जिथं हात आणि नजर पोचते तिथं त्यानं काहीच बाकी ठेवलं नव्हतं.

आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करून घेतली. काडतुसं भरायच्या मॅगझिनचं खालचं झाकण उघडलं, बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता ठोकळा, मागे ओढला, काडतूस बसतं त्या चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहिलं आणि करंगळीनंही चाचपलं. रिसीव्हरवरचा, म्हणजे रायफलच्या मुख्य सांगाड्यावरचा, आणि बोल्टवरचा नंबर एकच निघाला, म्हणजे जोडी जुळलेली. मग मागची कळ फिरवून कव्हर काढलं, रिकॉइल स्प्रिंग काढली, बोल्टला पुढे-मागे नेणारा कॅरियर आणि बोल्ट वेगळे केले. बोल्ट उचलून कानाशी धरला आणि हलवला.

आवाज नाही.

परत हलवला, जरा जोरात. हातात लोखंडाचा भरीव ठोकळा असावा तसा तो मुका होता.

एसकेएसच्या बोल्टच्या आत लांब बोगद्यासारखं भोक असतं आणि त्यात काडतुसाला ठोका देणारी फायरिंग पिन मोकळी खेळत असते. पुष्कळ रायफलींमध्ये या पिनला मागे ढकलून धरणारी स्प्रिंग असते. सुरुवातीच्या सोव्हिएत एसकेएसमध्येही होती, पुढे ती काढून टाकली. युगोस्लाव्ह बनावटीत ती नाही. म्हणून धडधाकट बोल्ट हलवला की पिन आत पुढे-मागे आपटते आणि 'टिक् टिक्' वाजते. वाजला नाही, तर पिन कुठंतरी अडकली आहे. आणि पुढच्या टोकाला अडकली असेल, तर बोल्ट पुढे येऊन काडतूस चेंबरमध्ये ढकलतो त्याच क्षणी तिचं टोक प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठोक्यानं पेटणाऱ्या टोपीवर आदळतं. खटक्याला बोट न लावता गोळी सुटते. तिच्याच गॅसनं बोल्ट मागे जातो, पुढचं काडतूस घेऊन येतो, तेही सुटतं. मॅगझिनमध्ये दहा असतील तर दहाच्या दहा जाऊ शकतात.

"सेफ्टी लावून ठेवली तर?" त्यानं विचारलं. प्रश्न बरोबर होता. पण या रायफलची सेफ्टी फक्त खटका अडवते. पिनशी तिचा काही संबंध नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. धंद्याच्या पहिल्या वर्षांत रेंजवर माझ्या शेजारच्याच बाकावर असं झालेलं मी पाहिलंय. माणसानं बोल्ट सोडला आणि रायफल सुटली ती सुटलीच. दुसऱ्या गोळीला नळी वर उचलली गेली, तिसऱ्याला तो मागे कलंडायला लागला, चौथी छपराच्या तुळईत घुसली. पाचव्यावर काडतूस अडकलं म्हणून थांबलं. कुणाला लागलं नाही. त्या माणसाचे हात मात्र नंतर कितीतरी वेळ थरथरत होते. तेव्हापासून एसकेएस हातात आली की मी सगळ्यात आधी बोल्ट हलवून ऐकतो.

भिंग घेऊन बोल्टचं तोंड दिव्याखाली धरलं. पिनचं टोक बाहेर डोकावत होतं. अंगठ्यानं दाबलं, आत जाईना. मी बोल्ट त्याच्या हातात दिला, म्हटलं, तूच दाबून बघ. त्यानं दाबलं. मग तो स्टुलावर बसला आणि काही बोलला नाही.

आता पाच मिनिटांचं काम राहिलं नव्हतं. पिन अडवून धरणारा रिटेनर पंच लावून हलक्या हातोडीनं ठोकून काढला. एरवी तो निघाला की बोल्ट तिरका करताच पिन घरंगळून हातात येते. ही आली नाही. गरम हवेचा झोत दिला, तेव्हा मागच्या भोकातून जुन्या मधाच्या रंगाचा एक थेंब सावकाश बाहेर आला आणि तिथंच थिजला. कॉस्मोलीन. गंजापासून जपायला फासतात ते मेणासारखं ग्रीस. लावताना ते ऊन, पातळ असतं, बारीकसारीक फटीतही उतरतं. वर्षानुवर्षांत त्यातला उडून जाणारा अंश उडून जातो आणि मागे उरतं ते चिक्कीच्या पाकासारखं घट्ट. बाहेरून पुसलं तर रायफल चकचकीत दिसते. बोल्टच्या पोटातलं तसंच राहतं.

बोल्ट टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवला. तो भिजेपर्यंत बाकीचं पाहून घेऊ म्हटलं. खटक्याचा संच पाहिला. ठीक. गॅस ट्यूब आणि पिस्टन मात्र ग्रीसनं माखलेले, तेही काढून भिजत घातले. या मॉडेलला नळीवर एक गॅस वाल्व्ह असतो, ग्रेनेड डागताना गॅस बंद करण्यासाठी. तो अर्धवट फिरलेला होता. तसाच राहिला असता तर रायफलनं दर गोळीला रुसवा धरला असता आणि या पोरानं दोष काडतुसांना दिला असता.

काडतुसांवरून आठवलं म्हणून विचारलं, कोणती आणलीस? ७.६२ × ३९ ची, जुनी युगोस्लाव्ह, पितळी कवचाची. चांगली चालतात ती, पण प्रायमर क्षार सोडणारा. त्यात पोटॅशियम क्लोरेट असतं, जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे मिठाचंच भावंड, हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पोलाद खायला लागतं. सोव्हिएत एसकेएसच्या बहुतेक नळ्यांना आतून क्रोमचा थर असतो, युगोस्लाव्ह नळीला नसतो. म्हणजे हिला जास्तच जपायला हवं. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून त्याला बजावून सांगितलं: त्याच दिवशी गरम पाणी नळीतून, गॅस ट्यूबमधून, पिस्टनवरून आणि बोल्टच्या तोंडावरून जाऊ दे, सगळं खडखडीत कोरडं कर, मगच तेलाचा हात फिरव. रायफलमध्ये पाणी घालायचं म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. मी तीनदा सांगितलं आणि वहीत लिहूनही घ्यायला लावलं.

लिहिता लिहिता तो म्हणाला, "म्हणजे हे मित्रालाही सांगायला हवं. आम्ही दोघांनी रायफली एकाच पेटीतल्या घेतल्या ना."

माझा हात थांबला. "आणि तोही उद्या येतोय?"

"सात वाजता. बरोबरच."

फोन लावायला लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा पलीकडून निवांत आवाज आला, "माझी एकदम क्लीन आहे रे, विकणाऱ्यानं साफ करूनच दिलीय." मला राग आला तो इथं. मित्राचा नाही, विकणाऱ्याचा. साफ केली म्हणायचं आणि बोल्ट उघडायचाच नाही, ही चूक छोटी नाही. समोरचा माणूस त्या एका शब्दावर विसंबून बोल्ट सोडणार असतो. मी फोन घेतला आणि एवढंच म्हटलं, आत्ता घेऊन या, कितीही उशीर झाला तरी मी थांबतो.

तोवर पहिला बोल्ट भिजला होता. टोकाच्या बाजूनं पितळी दांडी टेकवून दोन टिचक्या दिल्या आणि पिन सरकली. तिच्याबरोबर ग्रीसची एक गोळी निघाली, करंगळीच्या नखाएवढी. भिंगाखाली पिन फिरवून पाहिली. टोक गोल, कुठं टवका नाही, कंगोरा नाही. टोक धारदार झालेलं असतं तर प्रायमरला भोक पडतं आणि गरम गॅस मागे येतो, त्यामुळे हे पाहावंच लागतं. बोगद्यातून कापसाच्या वाती फिरवत राहिलो. तपकिरी, पिवळट, पिवळट, अखेरीस पांढरी. आत तेल सोडलं नाही, ही जागा कोरडीच बरी. पिनची खाच रिटेनरसमोर येईल अशी ती घातली, रिटेनर बसवला आणि बोल्ट त्याच्याकडे दिला.

त्यानं कानाशी धरून हलवला. टिक् टिक्. मग उगाचच आणखी चार-पाचदा हलवला. बोल्ट रायफलमध्ये बसवून हेडस्पेसचं, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांच्यातल्या जागेचं, गेज लावलं. 'गो' वर बोल्ट बंद झाला, 'नो-गो' वर झाला नाही. ठीक.

मित्र साडेआठला पोचला. त्याचा बोल्ट वाजला, आणि दोघांनी सुटकेचा श्वास सोडला. मला तो आवाज पसंत नव्हता, दबका होता. बोल्टचं तोंड वर केलं, पिन आत पडली. तोंड खाली केलं, बाहेर आली. पुन्हा वर, आत. पुन्हा खाली, बाहेर. पाचव्या वेळेला तोंड वर केलं तरी टोक बाहेरच राहिलं. तिघंही त्या टोकाकडे बघत होतो. मी बोट लावलं, तेव्हा ते सावकाश आत गेलं.

तोही उघडला. दुकान बंद केलं तेव्हा अकरा वाजून गेले होते.

सकाळी सातला मीही रेंजवर गेलो. कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवलं नसतं. नळी निशाण्याकडे धरून एकेक काडतूस चेंबरमध्ये सोडायला लावलं आणि न डागता बाहेर काढलं. प्रायमरवर सुईच्या टोकाएवढा पुसट ठिपका. मोकळ्या पिनचा एवढा स्पर्श होतोच, त्यात वावगं काही नाही. मग मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं. खटका दाबला, एक आवाज. रायफल थांबली. पुन्हा दाबला, दुसरा आवाज. मित्राच्या रायफलचंही तसंच, दोनदा करून पाहिलं.

मग मी त्यांना दहा भरायला सांगितलं.