डोमाजी नावाचा माणूस

मुक्तिबोधांची 'अँधेरे में' ही हिंदी कविता पहिल्यांदा वाचताना मी अडखळले ती एका नावाशी. मध्यरात्री शहरातून मिरवणूक चाललीय. पुढे बँड, मागे फौज, आणि त्यात ओळखीचे चेहरे : पत्रकार, समीक्षक, कवी, मंत्री. त्यांच्याच रांगेत शहरातला नामचीन खुनी, डोमाजी उस्ताद.

डोमाजी! हे नाव काशी-प्रयागचं नाही. हे आमच्या विदर्भातलं नाव. माझ्या आजोळी दोन डोमाजी होते. त्या क्षणापासून ही कविता मला परक्या भाषेतली वाटेनाशी झाली.

गजानन माधव मुक्तिबोधांच्या घरात मराठीच बोलायचे. १९१७ साली श्योपूरला जन्म, मग उज्जैन, इंदूर, नागपूर, शेवटी राजनांदगावच्या कॉलेजात प्राध्यापकी. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहू लागले, 'नवी मळवाट' या कवितासंग्रहाचे कवी. थोरल्यानं हिंदी धरली. आम्हाला शरच्चंद्रांची कविता शिकवली गेली, पण त्यांचा सख्खा भाऊ हिंदीतला एवढा मोठा कवी आहे, हे वर्गात कुणी सांगितलं नाही. याची हळहळ अजून जात नाही. १९४३ च्या 'तार सप्तक' या हिंदी कवितांच्या संकलनातल्या सात कवींपैकी दोघं मराठी घरातले, मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे. हेही मला फार उशिरा कळलं.

कवितेची सुरुवात बघा. अंधाऱ्या खोल्यांमधून कुणीतरी सतत फेऱ्या मारतंय. पावलं ऐकू येतात, माणूस दिसत नाही. मग भिंतीचं फुगलेलं प्लास्टर सुटतं, चुन्याची रेती झरते, पापुद्रे घसरतात, आणि त्या पडझडीतून आपोआप एक चेहरा तयार होतो. टोकदार नाक, भव्य कपाळ. ओल आलेल्या भिंतीकडे बघत ज्याचं लहानपण गेलंय त्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

पुढे टिळकांचा पुतळा येतो. त्याच्या दगडी नाकातून रक्त ठिबकतं, आणि निवेदक कळवळून त्याला बाप म्हणून हाक मारतो. टिळकांच्या पुतळ्यासमोर आपण हारच घालत आलो. त्याच्या नाकातून रक्त येताना पाहिलं ते हिंदीत लिहिणाऱ्या एका मराठी माणसानं. हा भाग मी कधीच एका दमात वाचू शकत नाही.

१९६४ च्या फेब्रुवारीत मुक्तिबोधांना पक्षाघात झाला, ११ सप्टेंबरला दिल्लीत ते गेले. वय ४६. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्यानंतर आला. त्यांनी तो हातात धरला नाही.

सध्या रोज रात्री जेवणं आटोपली की मी 'अँधेरे में'चे थोडे थोडे तुकडे मराठीत आणतेय, फक्त स्वतःसाठी. भिंतीचा भाग भराभर झाला. 'पपड़ियाँ'ला आधी 'पापुद्रे' लिहिलं होतं, मग खोडून 'पोपडे' केलं. आमच्या घरात पावसाळ्यानंतर हाच शब्द यायचा. पण 'रक्तालोक-स्नात पुरुष' आठवडाभर अडून बसलाय. 'रक्तप्रकाशात न्हालेला' म्हटलं की अर्थ येतो, पण त्या मूळ शब्दाचा घण बसत नाही. काल तो तसाच ठेवून पुढच्या ओळीकडे गेले.