उपटायला कोण येतंय?

बुधवार, रात्री

आजचं व्याख्यान रब्बी ज्वारीवर होतं. झोपायच्या आत लिहून काढते. पहाटे तवे पेटले की दिवसभर भाकऱ्यांशिवाय दुसरं काही सुचत नाही.

सोलापूर विद्यापीठातली ही व्याख्यानं कुणालाही खुली असतात. ना फी, ना पास. बरेचसे विषय खाण्याचे आणि शेतीचे, आणि सोलापुरात ते तसेच असायला हवेत. केगावात विद्यापीठाच्या शेजारीच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. कोरडवाहू शेतीवरचं संशोधन सोलापुरात १९३३ पासून चाललंय. ज्या मालदांडी ३५-१ ज्वारीवर माझं घर चालतं, ती मोहोळच्या केंद्रात निवडलेली. आमच्या वेळी विद्यापीठ म्हणजे कोल्हापूर, पदवीच्या कागदावर शिवाजी विद्यापीठाचं नाव. २००४ साली जिल्ह्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. त्याच्या सभागृहात माझ्यासारखी कडक भाकरी करणारी बाई पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घेते, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

सरांनी सुरुवातच भाकरीपासून केली. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून गव्हासारखी कणीक होत नाही. आधणाचं पाणी घातलं की पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि भाकरी थापता येते. हे हाताला माहीत होतं, कारण आज कळलं. मी हात वर करून विचारलं, पावसाळ्यात दळलेलं पीठ चार दिवसांत कडवट का होतं? ते म्हणाले, दाण्याच्या कोंबात तेल असतं. दळलं की ते मोकळं होतं, आणि दमट, उबदार हवेत लवकर खवट होतं. म्हणजे आई सांगायची ते बरोबरच, दळण थोडं थोडं आणायचं. आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलींना आता हे कारणासकट सांगता येईल.

मग जमिनीकडे वळले. मंगळवेढ्याची काळी जमीन इतकी खोल की पावसाळ्यात मुरलेलं पाणी थंडी संपेपर्यंत पुरतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचं, नंतर हस्ताचा एखादा पाऊस मिळाला तर सोनं. मुळं ओलीच्या मागे खाली खाली जातात. ओल कमी पडली की दाणे भरायच्या वेळेला ताटं बुडाशी पोकळ होऊन आडवी पडतात, तो खडखड्या रोग. म्हणून वाण जमिनीची खोली बघून निवडायचा. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, पाणी देता येत असेल तर फुले रेवती. हुरड्यासाठी फुले मधुर वेगळी. माझं माहेर मंगळवेढ्याकडचं. तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्यांनी पडद्यावर दाखवलं तेव्हा ऊर भरून आला.

पुढे आकडे आले. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, शहरात ज्वारीला मागणी वाढली, वगैरे. टाळ्या पडल्या. आणि मग प्रश्नांची वेळ आली.

मागच्या रांगेतून एक मावशी उठल्या. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, हातात माइक कसा धरायचा ते शेजारच्या मुलाने दाखवलं. म्हणाल्या, "साहेब, ज्वारी चांगली म्हनता, ते खरंच हाय. पन उपटायला कोन येतंय?"

सगळं सभागृह गप्प. खाली बसायच्या आत त्यांनी दोन्ही हात वर करून तळवे दाखवले. मी वळून बघत होते. बोटांच्या मुळाशी घट्टे, अंगठ्याजवळची कातडी जाड, पिवळट झालेली. ज्वारी कापत नाहीत, उपटतात. माघ-फाल्गुनात जमीन टणक झालेली असते, तिला भेगा पडलेल्या असतात. वाकून एका हातात मावतील तेवढी ताटं धरायची, हिसका द्यायचा, बुडख्याची माती झाडायची, ओळीने आडवी टाकायची. पुन्हा वाकायचं. पानांच्या कडा हाताला चिरतात, म्हणून बायका जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधतात. मग पेंढ्या, मग कणसांची मोडणी, मग मळणी. लहानपणी मी आईच्या मागून पेंढ्या बांधत हिंडायचे. रात्री आई हाताला तेल चोळत बसायची, तो वास आज सभागृहात बसल्या बसल्या आला.

सरांनी प्रश्न टाळला नाही, याबद्दल त्यांचे आभार. म्हणाले, हार्वेस्टर चालतो, पण दाणा हाती येतो आणि कडब्याचा चुरा होतो. मालदांडी उंच, ती यंत्राला जड जाते. बुटकी केली तर कडबा कमी. आणि कडबा गेला तर जनावरं काय खाणार? पलीकडच्या एका शेतकऱ्याने लगेच हिशेब मांडला. मालदांडीचा हमीभाव २०२४-२५ साठी क्विंटलला ३४२१ रुपये होता, पण हमी दाण्याची, कडब्याची नाही. दुष्काळी सालात कडबाच घर सावरतो. उजनी धरणाचं पाणी पोहोचलं तिथे माणसं उसाकडे वळली. त्यात लोभापेक्षा काढणीची धास्ती जास्त, कारण उसाला निदान कारखान्याची टोळी येते.

मला हेच म्हणायचंय, आणि पुढच्या वेळी माइक मिळाला तर म्हणेनही. खाण्यावरची व्याख्यानं ताटापासून सुरू होतात आणि वाणापर्यंत जातात. मधे जी बाई वाकलेली असते तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. ज्वारी किती पौष्टिक हे लोकांना आता पटलंय. पण ती ताटात यायची तर उपटणाऱ्या हातांची मजुरी, हातमोजे, कडबा शाबूत ठेवून उपटणारं हलकं यंत्र, यावर एक अख्खी संध्याकाळ द्यायला हवी. आणि तशी संध्याकाळ केगावात न ठेवता मंगळवेढ्यात बाजाराच्या दिवशी ठेवावी. तिथे बायका आपसूक भेटतील.

गुरुवार

सकाळी भावाला फोन केला. म्हटलं, यंदा काढणीला कोण? म्हणाला, "ताई, दोन गावं फिरलो. म्हाताऱ्या बायकाच मिळतात, सुना यायला तयार नाहीत. शेजारचा रान मक्याला घालतोय." मी विचारलं, तू? म्हणाला, "खायापुरती तरी पेरतोच की. पण जास्तीची नाही."

म्हणजे माझ्या भाकरीसाठी ज्वारीच्या पोत्यांची सोय यंदा बाहेरून करावी लागणार. आणि बाहेरची ज्वारी घेताना दाणा बघावा लागेल. मालदांडीचा दाणा मोत्यासारखा, टपोरा आणि चमकदार असतो, भाकरी गोडसर लागते. कडक भाकरी करायची तर पापुद्रा पातळ सुटावा लागतो, आणि पीठ विरी गेलेलं, म्हणजे चिकटपणा गेलेलं असेल तर थापतानाच कडा फाटतात. माझ्याकडच्या बायका पहिल्या भाकरीला ओळखतात.

दुपारी कार्यालयात फोन करून पुढच्या व्याख्यानांची यादी मागवली. पुढचं डाळिंबाचं आहे, तेल्या रोगावर. जाणार आहेच. पण त्याआधी व्याख्यानमालेच्या पत्त्यावर पत्र टाकतेय. विषय: ज्वारीची काढणी. वक्ते म्हणून शास्त्रज्ञ एक, आणि त्यांच्या शेजारी बोलायला उपटणाऱ्या बायका. त्या मावशींचं गाव विचारायचं राहून गेलं. त्यांना माइक दाखवणारा मुलगा आमच्या गल्लीतल्या कॉलेजात दिसतो, त्याला गाठून विचारते.