गुळाचं पाणी

झेंडूची रोपं रात्री होती, सकाळी नव्हती. म्हणजे काड्या होत्या, पानं तेवढी गायब. आणि कुंडीच्या काठावरून गेलेली एक चंदेरी रेघ, वाळल्या डिंकासारखी.

साताऱ्यात जुलैची झड लागली की अजिंक्यतारा चार-चार दिवस दिसत नाही. दिसते ती शेंबडी गोगलगाय. शंखवाली परवडली, उचलायला निदान काही हाताला लागतं. हिला ना घर ना दार, नुसती बुळबुळ!

'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण मी आयुष्यभर साळसूद माणसांसाठी वापरत आले. परवा एक बरणीत घालून खालून पाहिली. काचेला चिकटलेल्या त्या पोटावरून बारीक लाटा शेपटाकडून डोक्याकडं सरकत होत्या. पोट हाच पाय. म्हण कसली, साधं वर्णन आहे ते.

पहिल्या रात्री बॅटरी आणि मिठाची बरणी घेऊन गेले. चिमूट पडली मात्र, ती आक्रसली, फेसाळली. दुसऱ्या रात्री मीठ घरीच ठेवलं. मिठानं कुंडीतली माती खारावते, असं घरात सांगितलं. तेही खरंच आहे म्हणा.

शेजारच्या काकूंनी बंबातली राख दिली. कोरडी होती तोवर कुणी ओलांडली नाही; एक सर आली नि खेळ संपला. दुकानात विषारी गोळ्या मिळतात, पण आमचा मोत्या जमिनीवर पडलेलं काहीही आधी गिळतो, मग वास घेतो.

शेवटी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं पोतं. "चहाचा गूळ नको गं घेऊस," सासूबाई आतून ओरडल्या. संध्याकाळी पोतं कुंड्यांमध्ये पसरलं, सकाळी उलटलं, तर खाली अकरा जणी अंग चोरून बसलेल्या. हातात मोजे, चिमटा, साबणाच्या पाण्याची बादली. जेवायला बोलावून असं करायचं म्हणजे... असो.

आठवडाभरात आकडा तीनवर आला. मग आषाढी एकादशीला कुंडी उकरली, तर मुळाशी भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी. फराळाच्या ताटातली खिचडी मी नुसतीच चिवडत बसले.

आज पोतं उलटलं. गोगलगाय एकच, मुंगळे मात्र बेसुमार.

सासूबाईंनी वाकून पाहिलं. "गूळ चहाचाच घेतलास ना?"